यादीतलं दहावं नाव

१

शिंप्याची मुलगी सकाळी साडेदहाला कचेरीत आली आणि तिनं टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला. ती रडली नाही की ओरडली नाही. "पेटी घेऊन आमच्या घरी आलेली बाई कोणती?" एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या अडीच खोल्यांत लोकांची मनं मोजायचं काम चाले. कोण कुठला साबण वापरतो, कुणाला तेल महाग वाटतं, आणि निवडणूक तोंडावर आली की कोण कुणाला मत देणार. एका भिंतीला सुतळीनं बांधलेले फॉर्मचे गठ्ठे आणि दुसऱ्या भिंतीला धुण्याच्या पावडरची पांढरी पाकिटं, ज्यांच्यावर अ, ब, क याखेरीज काहीच छापलेलं नव्हतं. घरोघरच्या बायकांना वापरून बघायला द्यायची ती. त्यामुळे कचेरीला कायम ताज्या धुण्याचा वास यायचा आणि धूळ मात्र कुठेही बोट ठेवा, बोटाला लागायची.

कोपऱ्यातल्या बाईला सगळे चाळणी म्हणत. फेरतपासणी हे तिचं काम. पाहणीची माणसं फॉर्म भरून आणत, आणि ही त्यांतलं दहातलं एक घर फोनवर गाठून, 'आमचं माणूस खरंच आलं होतं का हो?' म्हणून खात्री करून घेई. चहाच्या टपरीवर बसून भरलेला फॉर्म तिला नुसत्या वासानं कळतो, असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं. ती कुणावर विश्वास ठेवत नसे, इतकंच, आणि अठरा वर्षांत त्याचा पस्तावा करायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

कागदावर बारा नावं छापली होती. सोमवारी सकाळी पालिकेची गाडी बाजाररस्त्यावर आली होती आणि चाळीस टपऱ्यांमधल्या नेमक्या बारा उचलून घेऊन गेली होती. बाकीच्यांना कुणी हातही लावला नाही. शिंप्याच्या टपरीबरोबर त्याचं शिलाई मशीनही गेलं. म्हातारा दोन दिवस त्या मोकळ्या जागेसमोर बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी तलावात सापडला.

"मुकादमाच्या हातातून बाबांनी ही यादी ओढून घेतली होती," मुलगी म्हणाली. "उशीखाली मिळाली. पालिकेच्या अध्यक्षांच्या विरोधात मत सांगितलं त्यांची ही नावं आहेत, असं सगळा बाजार म्हणतो. तीन आठवड्यांपूर्वी मत विचारत फिरली ती तुमचीच बाई. नाव कुणाला कळणार नाही म्हणाली होती."

आतून साहेब आले. आपली संस्था म्हणजे समाजाचा आरसा, हे त्यांचं दर मीटिंगमधलं वाक्य. आज त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. चाळणीला त्यांनी बाजूला घेतलं.

"पाच वाजता बाजारातली माणसं खाली जमणार आहेत. त्यांना एक नाव द्यावं लागेल. मावशीला काढल्याचं पत्र टाईप करून ठेवलंय. पोलिसात तक्रारही देतो."

"मावशीनं फोडलं, असं कुणी सांगितलं?"

"अहो, लोकांनी दुसऱ्या कुणाचं तोंड बघितलंय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मावशी वीस वर्षं या कचेरीसाठी उंबरठे झिजवत होती. चाळणीला इथे चिकटवली होती तीही तिनंच, ज्या वर्षी चाळणीला कुणी दारात उभं करत नव्हतं त्या वर्षी. ती आता दाराजवळच्या बाकावर चपला काढून बसली होती आणि तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

"पाचपर्यंतचा वेळ मला द्या," चाळणी म्हणाली आणि तिनं यादी उचलली.

टपरी क्रमांक चारपासून सुरू झालेली नावं पुलाकडून बस थांब्याकडे ओळीनं उतरत गेली होती, छत्तीसपर्यंत. नऊ नावं. त्यांच्याखाली पुन्हा क्रमांक दोन, सोळा, एकोणतीस. घाईत राहून गेलेली मागून घातली असतील, असं तिला वाटलं. टपरी दोन शिंप्याची. पण तिच्यापुढे छापलेलं दहावं नाव बाईचं होतं, आणि त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती.

"हे कुणाचं नाव?"

"आईचं," मुलगी म्हणाली. "आईला जाऊन सात महिने झाले."

२

पेट्या ठेवायच्या खोलीत चाळणीनं मावशीला बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"अगं पोरी, मला त्यांची मतं माहीतच नाहीत, तर फोडू काय, माझं कपाळ?" मावशी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता.

ते खरंच होतं. वीस मिनिटं साबण-तेलाची चौकशी झाली की मावशी पुठ्ठ्याची पेटी पुढे करायची, वर फट असलेली. एका चिठ्ठीवर उमेदवारांच्या निशाण्या. माणसानं पाठ फिरवून खूण करायची, घडी घालायची आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. चिठ्ठीच्या मागे फक्त फॉर्मचा नंबर. पेटी उघडायची ती कचेरीतच.

"शिंपीदादा तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, दादा, मी नाही हो बघत. तर म्हणाले, गुपित ते गुपित. मग पाणी दिलं, बसा म्हणाले. बोलायला माणूस नाही ना घरात."

"फॉर्मवर नाव कुणाचं घातलंस?"

"त्यांचंच. त्यांच्या बायकोचं नाव मला ठाऊकच नाही."

चाळणीनं यादी तिच्या पुढ्यात धरली. मावशीनं चष्मा लावला. घरोघर फिरणाऱ्या बाईला गल्लीची कुंडली पाठ असते, तशी ती वाचू लागली. हा भाजीवाला तोंडाळ, चौकात उभा राहून अध्यक्षांचा उद्धार करतो. ही किल्ल्यावाली, पाण्याच्या मोर्चात पुढे होती. या दोघांकडे तर मी गेलेच नव्हते. शिंपीदादा, बिचारे. हा चपला शिवणारा, याचा मुलगा परगावी कामाला गेला, आता एकटाच असतो. आणि ही इस्त्रीवाली, सासूचं सगळं अंथरुणात केलं हिनं, गेली ती हिवाळ्यात.

"या दोघांकडे गेलीच नव्हतीस म्हणजे?"

"म्हणजे त्यांची घरं माझ्या वाट्याला नव्हती. थांब हं." तिनं बोट आता खालून वर फिरवलं. "ही इस्त्रीवाली पण नाही. हा चपला शिवणारा पण नाही. आणि हा बॅटरीवाला, याचं तर दार बंद होतं. पाच घरं झाली, पोरी. या पाच घरांत आपल्यातलं कुणीच गेलेलं नाही."

चाळणीनं पाचही नावं फॉर्मच्या वहीत शोधली. एकही नव्हतं. ज्यांना कुणी काही विचारलंच नाही, त्यांची उत्तरं फोडली कुणी?

३

मतांच्या चिठ्ठ्या लोखंडी कपाटात असत आणि किल्ली चाळणीच्या कमरेला. फेरतपासणी संपली की ती स्वतः उभी राहून त्या जाळायची. नंबर आणि नाव एकत्र लावून चिठ्ठी बघायची नाही, हा तिनं स्वतःच घालून घेतलेला नेम. अठरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. आज तिनं तो मोडला, आणि मोडताना तिला आपण कुणाच्या तरी घरात चोरून शिरतोय असं वाटलं.

बारांपैकी सात घरांचे फॉर्म होते. सातही चिठ्ठ्या तिनं टेबलावर पालथ्या मांडल्या आणि एकेक उलटली. पहिली विरोधात. दुसरी विरोधात. सहा चिठ्ठ्या अध्यक्षांच्या विरोधातच होत्या. मग तिनं गठ्ठ्यातल्या इतर टपरीवाल्यांच्या चिठ्ठ्या चाळल्या. विरोधात खूण करणारे आणखी आठ जण होते. त्यांच्या टपऱ्या जागच्या जागी उभ्या होत्या.

यादी जर या चिठ्ठ्यांवरून केली असती, तर ते आठ सुटले कसे? आणि न विचारलेले पाच आले कुठून?

सातवी चिठ्ठी राहिली होती, शिंप्याची. चार घड्या घातलेली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, कापडाची घडी घालावी तशी. तिनं ती उलगडली.

खूण अध्यक्षांच्या निशाणीवर होती. विरोधक म्हणून ज्याची टपरी मोडली तो माणूस अध्यक्षांचाच मतदार होता.

४

आकड्यांचं काम बघणाऱ्याला सगळे गणित्या म्हणत. कॉलेजातून नवा आला तेव्हा चाळणीनंच त्याला फॉर्म वाचायला शिकवलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करायची, पण शीत कुठल्या हंड्यातलं ते आधी बघायचं, हे तिचं वाक्य तो अजून नव्या पोरांना ऐकवायचा. तिला बघून तो उठला, तिच्यासाठी चहा ओतला, खुर्ची पुसून दिली.

"ताई, मावशीचं काय होणार?"

"ते पाच वाजता कळेल. मला एक सांग. शिंप्याच्या घरावर सात महिन्यांपूर्वी मेलेल्या बाईचं नाव अजून कुठे जिवंत असेल?"

गणित्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"सवलतीच्या कार्डावर," तो म्हणाला. "चौकातल्या मोठ्या दुकानाचं कार्ड. कोण काय घेतं ते दर महिन्याला आपल्याकडे येतं, पावडर कंपनीच्या कामासाठी. कार्ड बहुतेक घरच्या बाईच्या नावावर असतं."

त्यानं पत्त्यावरून शिंप्याचं कार्ड काढून दाखवलं. पडद्यावर एका संसाराचा बाजारहाट ओळीनं उतरत गेला. तेल, चहा, साबण, दोन किलोची पावडर. दर महिन्याला तेच. आणि सात महिन्यांपूर्वी एकाएकी पावडरचं लहान पाकीट, तेलाची लहान बाटली, चहाची पुडी. पुढे सगळं लहानच.

चाळणीच्या हातातला कप तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती. मोठ्या पाकिटावरून लहान पाकिटावर आलेलं घर बहुधा सत्तेवर असलेल्यांवर नाराज असतं. हाताशी पैसा पुरत नाही आणि राग जायला दुसरी जागा नसते. म्हणून फॉर्मवर लहान पाकीट आणि 'सगळं उत्तम चाललंय' असं दोन्ही दिसलं, की ती त्या घरी फोन करायची. घरबसल्या फॉर्म भरणारे तीन लबाड तिनं याच युक्तीनं पकडले. मीटिंगमध्ये तिनं हा नियम सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. सुतावरून स्वर्ग गाठलात, असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि तिला ते कौतुक वाटलं होतं.

कुणीतरी तोच नियम उलटा चालवला होता. लबाडी पकडायला नाही, माणसं पकडायला. मत विचारायची गरजच नव्हती. लोक काय विकत घेतात ते बघितलं की झालं.

"पण नियमाला अट होती," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "घरातलं माणूस कमी झालं असेल तर ते घर मोजायचं नाही. एकट्या माणसाला दोन किलो पावडर कशाला लागते?"

"कार्डाच्या सहामाही फॉर्मवर माणसांची संख्या असते," गणित्या हळूच म्हणाला. "अट लावली असती तर शिंप्याचं नाव आलंच नसतं, ताई. म्हणजे यादी करणाऱ्याला अट माहीत नव्हती."

अट तिला दुसऱ्या दिवशी सुचली होती, आणि तिनं ती फक्त गणित्याला सांगितली होती, संगणकात घालायला. मीटिंगमध्ये नुसता नियम ऐकून उठलेला आणि तो बाहेर विकू शकेल असा माणूस कचेरीत एकच होता. चाळणी साहेबांच्या खोलीकडे निघाली.

५

साडेतीन झाले होते. शिंप्याची मुलगी सकाळपासून त्याच बाकावर बसली होती, मावशीपासून एक वीत अंतर ठेवून. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

साहेबांनी चाळणीचं म्हणणं ऐकून घेतलं. पाच घरं, मेलेल्या बाईचं नाव, दुकानाचं कार्ड, लहान पाकीट. ऐकता ऐकता ते खुर्चीत खचत गेले. मग ती म्हणाली, "नियम तुम्हाला माहीत होता, अट नव्हती. यादी तुम्ही दिलीत."

साहेब हसले. ते हसू बघवत नव्हतं.

"बाई, त्या मीटिंगमध्ये तुम्ही काय बोललात ते मला आठवतसुद्धा नाही. मी फोनवर होतो. टाळ्या पडल्या म्हणून वाजवल्या. कसला नियम, कसली पाकिटं? मला माझी स्वतःची पत्रं संगणकात उघडता येत नाहीत, ती गणित्या उघडून देतो."

"मग अध्यक्षांचा माणूस इथे आलाच नव्हता?"

त्यांनी कानावर हात ठेवायचं ठरवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण या कचेरीत आल्यापासून सात वर्षं ते चाळणीला ओळखत होते. "आला होता," ते म्हणाले. "महिन्यापूर्वी. बाजाररस्त्यावरचे टपरीवाले कितपत आपले, असं विचारत होता. निवडणुकीनंतर वर्षभराचं काम देऊ म्हणाला. मी म्हटलं, बाहेर बसतो त्याला भेटा. आणि त्याला सांगितलं, यांना नाही म्हणू नकोस. पुढचं मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंत?"

"कळलं असतं म्हणून," साहेब म्हणाले.

चाळणी बाहेर येऊन फॉर्मच्या गठ्ठ्यांशी उभी राहिली. साहेब भित्रे होते, पण खोटं बोलत नव्हते. तिनं यादी पुन्हा उघडली. नऊ नावं पुलाकडून बस थांब्याकडे. मग तीन नावं, पुन्हा पुलाकडून बस थांब्याकडे. राहून गेलेली कुणी इतकी ओळीनं लावत नाही. हा एकाच माणसानं दोनदा काढलेला हिशेब होता.

दहावा शिंपी, बायको गेलेला. अकरावा चपला शिवणारा, मुलगा परगावी. बारावी इस्त्रीवाली, सासू वारलेली. तिन्ही घरांतलं माणूस कमी झालेलं, आणि वरच्या नऊंत तसं एकही घर नाही.

अट माहीत नसलेल्याच्या यादीत ही तीन घरं आपापल्या जागी विखुरली असती आणि शिंप्याचं नाव सगळ्यात वर आलं असतं. ती तळाशी वेगळी आली, कारण आधी अट लावून ती वगळली होती. नंतर ती अट उचलली. ज्याला ती माहीत होती, त्यानं.

६

गणित्या तिची वाटच बघत होता. ती समोर बसली आणि तिनं यादी दोघांच्या मध्ये ठेवली.

"आधी नऊच आली होती ना?"

बाहेर कुणीतरी गठ्ठे हलवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"हो," शेवटी तो म्हणाला.

"मग?"

"अध्यक्षांच्या माणसाला डझनभर तरी हवी होती. नऊ म्हटल्यावर तो हसला. चाळीसांत नऊच नाराज, मग तुमचं हे यंत्र काय कामाचं, म्हणाला. मी अट काढली. आणखी तीन आली. ती खाली जोडली."

"तुला ठाऊक होतं, ती तीन घरं नाराज नाहीत. त्यांच्या घरचं माणूस गेलंय."

"ठाऊक होतं."

"टपऱ्या उचलणार हेही?"

"नाही, ताई, आईशपथ नाही. अध्यक्ष स्वतः त्यांच्या घरी जाऊन हात जोडणार, त्यांचं ऐकून घेणार, असं म्हणाला तो."

"तुला खरं वाटलं?"

"वाटवून घेतलं," गणित्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चाळणीला त्याची दया येत होती, याचाच तिला जास्त राग आला. ज्याच्या हाताला धरून शिकवलं त्याचा हात ओढायला निघालं की स्वतःचाच खांदा दुखतो.

"सोमवारी तुला कळलं. शिंपी गेला तेव्हा कळलं. आज सकाळी मावशीला बाकावर बसवलं तेव्हा तू मला चहा दिलास आणि साहेबांचं दार दाखवलंस."

मग तिला बरं वाटावं म्हणून की काय, तो म्हणाला, "एक सांगू, ताई? बाजारातलेच सांगतात, बाकीच्या नऊ जणांच्या बाबतीत तुमचा नियम अगदी बरोबर ठरला हो."

चाळणीनं टेबलाची कड धरली. नऊ टपऱ्या. भाजीवाला, किल्ल्यावाली, बॅटरीवाला. अट असो वा नसो, ते नऊ जण आज रस्त्यावरच बसले होते. तिनं अट घातली होती ती आपला नियम चुकू नये म्हणून. तो बरोबर निघाल्यावर त्या माणसांचं काय होईल, हा प्रश्न दोन वर्षांत तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

"हे सगळं लिही," ती उठत म्हणाली. "आणि खाली सही कर."

७

पावणेपाचला साहेबांनी मावशीचं पत्र स्वतःच्या हातानं फाडलं. मावशीनं चपला घातल्या, फॉर्मची पिशवी बाकावर ठेवली आणि "उद्यापासून मी कुणाचं दार वाजवायची नाही गं, पोरी," एवढंच म्हणून ती मागच्या जिन्यानं उतरून गेली. चाळणीनं तिला वाचवली होती, आणि तरी ती गेलीच.

पुढच्या जिन्याखाली माणसं जमत होती. त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. चाळणीनं शिंप्याच्या मुलीला पेट्यांच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. कार्ड, पाकीट, नऊ आणि तीन. शेवटी मुलीनं विचारलं, "बाबांनी खूण कशावर केली होती?"

"ते मी कुणाला सांगू नये."

"मला एकटीला सांगा. मी त्यांची मुलगी आहे."

फोनवर हजारो माणसांना चाळणीनं शब्द दिला होता, तुमचं उत्तर आमच्यापाशीच राहील. तिनं दाराकडे बघितलं. "अध्यक्षांच्याच निशाणीवर," ती म्हणाली.

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली.

"मशीन नेलं त्या संध्याकाळी ते हेच सांगत होते. अगं, मी जन्मभर यांनाच मत दिलंय, आताही यांचंच नाव धरलंय. मी म्हणाले, बाबा, निदान माझ्यापुढे तरी खोटं बोलू नका. नडायचं तर नडलात, आता घाबरता कशाला, असं म्हणाले मी. मग ते परत काही बोललेच नाहीत."

चाळणीला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते मी, ते खरं बोलत होते म्हणून."

मुलीनं तिचं मनगट धरलं. "नको. गल्लीत त्यांना आता वाघ म्हणतात. एकटा शिंपी अध्यक्षांसमोर ताठ उभा राहिला, म्हणतात. पोचवायला चारशे माणसं आली होती. तुम्ही सांगितलंत, तर ज्याला मत दिलं त्याच्याच हातानं मेला म्हणून हसतील हो लोक. त्यांचं राहू दे तसंच."

"आणि तुझं?"

"माझं माझ्याजवळ." ती उठली, ओढणीनं तिनं तोंड पुसलं. खालून कुणीतरी दार बडवत होतं. "पण ते पाकिटाचं सांगा. घरात काय आणतो यावरून यादी झाली, हे कळू दे सगळ्यांना. तो नियम कुणी काढला, तेवढं नाही सांगितलंत."

"मी," चाळणी म्हणाली.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. सकाळपासून तिनं आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. "मग तेही सांगा," ती म्हणाली.

चाळणी जिना उतरली. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या तेव्हा दार उघडलं आणि शंभरेक माणसं तिच्याकडे बघू लागली. पुढे किल्ल्यावाली होती, तिच्यामागे भाजीवाला. "ती पेटीवाली कुठे आहे?" तो ओरडला. "तिला बाहेर काढा!"

"तिनं काही केलेलं नाही," चाळणी म्हणाली. "मी केलंय."

मग तिनं लहान पाकिटाचा नियम पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि माणसं ऐकायला दोन पायऱ्या वर सरकली.